डायलिसिसची तात्पुरती नळी : पहिल्या काही तासांतील धोके

मूत्रपिंडे निकामी झालेले अनेक रुग्ण पहिल्यांदा डायलिसिसला येतात ते धाप लागलेल्या किंवा रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला पोहोचलेल्या अवस्थेत. हातातील रोहिणी (धमनी) आणि नीला (शिर) जोडून केलेला फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. एवढी सवड अशा रुग्णाला नसते. म्हणून मानेतील किंवा जांघेतील मोठ्या नीलेत दोन मार्गांची तात्पुरती नळी बसवावी लागते. यंत्राला मिनिटाला साधारण २०० ते ३०० मिलिलिटर रक्त हवे असल्यामुळे ही नळी सुमारे ४ मिलिमीटर जाडीची असते, आणि तिचे बहुतेक तातडीचे धोके या जाडीतून व ती बसवण्याच्या पद्धतीतून येतात.

ही पद्धत स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. सुई नीलेत घालायची, सुईतून लवचीक तार सरकवायची, सुई काढून तारेवरून वाट रुंद करायची आणि त्याच तारेवरून नळी आत न्यायची, असा तिचा क्रम आहे.

मानेत नीलेला लागूनच मेंदूकडे जाणारी रोहिणी असते आणि काही माणसांत एक दुसरीच्या जवळजवळ वर येते. सुई चुकून रोहिणीत गेली, तर ती लगेच काढून काही मिनिटे दाबून धरल्याने बहुधा भागते. खरा धोका चूक लक्षात न येता पुढची जाड उपकरणे रोहिणीत जाण्याचा असतो. तसे झाल्यास शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. लालभडक रक्त उसळून आले की रोहिणी, असा ठोकताळा आहे खरा. पण ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी आहे किंवा ज्याचा रक्तदाब घसरला आहे, त्याच्या बाबतीत हा ठोकताळा फसवा ठरतो, आणि तातडीने नळी लागणारे रुग्ण बहुधा असेच असतात. शिवाय मूत्रपिंडे बंद पडल्यावर रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत. तपासणीत त्यांची संख्या पुरेशी दिसत असली तरी रक्तस्राव लांबू शकतो. मानेतील साकळलेल्या रक्ताची गाठ वाढून श्वासनलिकेवर दाब आणू शकते. जांघेतून नळी घातली असेल, तर रक्त पोटाच्या मागील भागात साठू शकते आणि बाहेर काहीच दिसत नाही. कंबर दुखणे आणि रक्तदाब उतरणे हीच काय ती खूण.

तार फार आत गेली, तर हृदयाच्या भिंतीला टोचून ठोके अनियमित होतात. मॉनिटरवर नजर असेल, तर तार थोडी मागे ओढताच बहुतेक वेळा ठोके पूर्ववत होतात. गळ्याच्या हाडाखालच्या नीलेतून नळी घातली, तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरण्याचा धोका अधिक असतो. या नीलेला पुढे अरुंदपणा येऊन त्याच हाताचा फिस्टुला निकामी होऊ शकतो, म्हणून डायलिसिससाठी ती शक्यतो टाळतात. मानेची उजवी बाजू पहिली पसंती ठरते, कारण तिथून हृदयाकडची वाट जवळजवळ सरळ आहे. डावीकडून नळीला वळणे घ्यावी लागतात आणि टोक भिंतीला टेकून रक्ताचा प्रवाह अडतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत नीला शोधल्यास रोहिणीला टोचण्याची शक्यता बरीच घटते. खुणांवरून अंदाजाने सुई घालण्यात हात कितीही सरावलेला असो, पडदा उपलब्ध असताना तो न वापरणे मला समर्थनीय वाटत नाही. नातेवाइकांनी त्याबद्दल विचारणे गैर नाही. मानेतील नळी बसवल्यावर छातीचा एक्स-रे काढून टोकाची जागा आणि फुप्फुसे तपासतात. पुढचे काही तास जागा सुजणे, रक्त पाझरणे, छातीत दुखणे किंवा नव्याने धाप लागणे, यांतले काहीही झाल्यास लगेच परिचारिकेला सांगावे.

पुढच्या दिवसांत जंतुसंसर्ग हा मोठा धोका होतो. म्हणून अशी नळी दोन आठवड्यांपेक्षा कमी काळच ठेवावी, असे २०१९ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात तिच्यात बहुधा हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध भरून ठेवलेले असते; त्यामुळे सलाइनसाठी किंवा रक्त काढण्यासाठी ती कोणालाही उघडू देऊ नये. मानेतील नळी काढतानाही श्वास आत ओढताना नीलेत हवा शिरू शकते. म्हणून रुग्णाला आडवे ठेवून श्वास रोखायला सांगतात, जागा दाबून धरतात आणि वर हवाबंद पट्टी लावतात.