दाहोमेच्या आगोजी: राजवाड्याच्या पहाऱ्यापासून फ्रेंच युद्धापर्यंत

४ मार्च १८९० रोजी उजाडण्याआधीच पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे राज्याच्या सैन्याने कोटोनू बंदरातील फ्रेंच ठाण्यावर हल्ला चढवला. फ्रेंचांनी तो परतवला. नंतर ठाण्याजवळ पडलेल्या मृतदेहांत काही स्त्रियाही आढळल्या, आणि त्यांतील एका तरुणीला ज्याँ बायोल या फ्रेंच अधिकाऱ्याने ओळखले. तिचे नाव नान्सिका. काहीच महिन्यांपूर्वी तो वाटाघाटींसाठी राजधानी अबोमेला गेला असताना, सैनिकी शिक्षणाचा भाग म्हणून तिला एका कैद्याचा शिरच्छेद करताना त्याने पाहिले होते.

युरोपीय लेखकांनी दाहोमेच्या या स्त्री-सैनिकांना ग्रीक पुराणकथांतील 'ॲमेझॉन' हे नाव देऊन टाकले. दाहोमेच्या फोन लोकांच्या भाषेत त्यांना आगोजी म्हणत. 'मिनो', म्हणजे 'आमच्या माता', असाही शब्द होता. परके नाव बाजूला ठेवले, तरच ही संस्था कशातून उभी राहिली हे दिसू लागते.

आजच्या बेनिन देशाच्या दक्षिण भागात सतराव्या शतकात फोन लोकांचे हे राज्य उदयाला आले. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा अकाबाची जुळी बहीण हांग्बे हिने काही काळ राज्य केले आणि स्त्रियांचे पथक तिनेच उभारले, असे परंपरा सांगते. हत्तींची शिकार करणाऱ्या स्त्रियांपासून हे पथक निघाले, अशीही एक कथा आहे. मूळ कोणतेही असो, त्याला खरा आधार मिळाला तो राजवाड्याच्या रचनेत. सूर्यास्तानंतर राजाखेरीज कोणत्याही पुरुषाला आतल्या वाड्यात राहण्याची मुभा नसे, त्यामुळे राजाच्या जिवाची राखण स्त्रियांकडेच होती. शिवाय दरबारातील प्रत्येक मोठ्या पुरुष अधिकाऱ्याला वाड्यात एक स्त्री-अधिकारी जोडलेली असे. ती त्याची 'माता' म्हणवली जाई आणि त्याच्या कारभारावर लक्ष ठेवी. सैन्यातही हीच जोडव्यवस्था होती. आगोजी नावापुरत्या राजाच्या पत्नी मानल्या जात, वाड्यातच राहत आणि त्यांना अविवाहितेसारखे जगावे लागे. त्यांची निष्ठा कुळाशी किंवा गावाशी नव्हे, तर थेट सिंहासनाशी बांधलेली होती, आणि राजांना त्यांचा भरवसा वाटे तो मुख्यतः यामुळे, असे मला वाटते.

१८१८ मध्ये गादीवर आलेल्या घेझोने या पहारेकरी पथकाचे मोठे सैन्य केले. समकालीन अंदाज काही हजारांपर्यंत जातात. बंदुकधारी, धनुर्धारी, लांब पात्याची हत्यारे चालवणाऱ्या अशा निरनिराळ्या तुकड्या होत्या, आणि काटेरी झुडपांच्या भिंतींवरून अनवाणी चढून जाण्याचा सराव त्यांना करावा लागे. मात्र हे सैन्य कशासाठी वापरले जाई, ते सांगणे टाळता येत नाही. विदाह बंदरातून अटलांटिकपार चाललेल्या गुलामांच्या व्यापारावर दाहोमेचे वैभव उभे होते, शेजाऱ्यांवरील स्वाऱ्यांत पकडलेली माणसे तिथे विकली जात, आणि त्या स्वाऱ्यांत आगोजीही असत. त्यांच्या शौर्याबद्दल आदर बाळगतानाच विकल्या गेलेल्या त्या माणसांचेही स्मरण ठेवले पाहिजे. शेजारच्या योरुबा लोकांच्या आबेओकुटा शहरावर १८५१ आणि १८६४ मध्ये केलेल्या दोन्ही स्वाऱ्या फसल्या आणि आगोजींचीही मोठी हानी झाली.

पुढे गुलामांचा व्यापार आटला व पाम तेलाचा वाढला, तसे किनाऱ्यावरील जकातीचे मोल वाढले. करारांच्या आधारे फ्रान्स कोटोनूवर हक्क सांगत होता, दाहोमेला ते मान्य नव्हते. शेजारचे पोर्टो-नोव्हो फ्रेंच संरक्षणाखाली गेल्याने वैर अधिकच चिघळले. डिसेंबर १८८९ मध्ये राजा ग्लेले वारला, बेहान्झिन गादीवर आला आणि काही आठवड्यांतच कोटोनूवरून युद्ध पेटले. ऑक्टोबर १८९० च्या तहाने कोटोनू फ्रेंचांकडे राहिले आणि बदल्यात बेहान्झिनला दरसाल २०,००० फ्रँक देण्याचे ठरले.

हा तह दोन वर्षेही टिकला नाही. १८९२ च्या मोहिमेचे नेतृत्व सेनेगलमध्ये जन्मलेल्या आल्फ्रेद दॉद्स या अधिकाऱ्याकडे होते. १९ सप्टेंबरला डोग्बा येथे आणि नंतर वेमे नदीकाठाने अबोमेच्या दिशेने लढाया होत गेल्या. दाहोमेकडे काही आधुनिक रायफली होत्या. पण फ्रेंचांच्या लेबेल रायफली, तोफा, गनबोटी आणि संगिनींचे हल्ले यांपुढे समोरासमोरच्या चढाया मोडून पडल्या. आगोजी वारंवार पुढे येत राहिल्या, हे त्यांच्याशी लढलेल्या फ्रेंच सैनिकांनीच लिहून ठेवले आहे. १७ नोव्हेंबर १८९२ रोजी फ्रेंच अबोमेत शिरले, तेव्हा बेहान्झिनने राजवाड्याला आग लावून शहर सोडले होते. तो जानेवारी १८९४ मध्ये शरण आला. मार्टिनिक बेटावर हद्दपारी भोगून डिसेंबर १९०६ मध्ये अल्जीरियात वारला.

वाड्याबरोबर आगोजींची संस्थाही संपली. १८९२ मध्ये फ्रेंचांशी लढल्याचे सांगणारी नावी नावाची वृद्धा १९७९ मध्ये वारली, तेव्हा तिचे वय शंभराच्या वर असल्याचे मानले जात होते.