पुढची बाजू नसलेला वर्ग

चौदाव्या शतकातलं एक चित्र आहे, बोलोन्याच्या विद्यापीठातल्या वर्गाचं. चित्रकार लॉरेन्टियस दे व्होल्टोलिना. गुरुजी उंच आसनावर बसून समोरच्या ग्रंथातून वाचतायत. पुढच्या बाकांवरची मंडळी पुस्तकात डोकं घालून बसलीयत. मागच्या रांगांत एक जण चक्क बाकावर डोकं टेकून झोपलाय, आणि त्याच्या आसपास गप्पा रंगल्यात. आयुष्याची बरीच वर्षं मागच्या बाकावर काढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटतं.

त्या मांडणीला त्या काळी कारण होतं. ग्रंथ हातानं लिहिलेले, एकेक प्रत महागडी. म्हणून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, जमेल तसं उतरवून घ्यायचं. 'लेक्चर' हा शब्दही लॅटिनमधल्या 'वाचणे' या क्रियापदावरूनच आला. पुढे छपाई आली, पुस्तकं हातोहाती पोचली, तरी बाक जागचे हलले नाहीत. फळा आला तेव्हा तर सगळ्यांनी एकाच भिंतीकडे तोंड करून बसायला नवं निमित्त मिळालं.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंनी १८९० च्या दशकातला एक अनुभव सांगून ठेवलाय. मुलांना काम करता येईल अशी बाकं शोधत ते दुकानं पालथी घालत होते. शेवटी एका दुकानदारानं त्यांना सांगितलं की तुम्हाला हवंय ते आमच्याकडे मिळणार नाही. तुम्हाला काम करायची बाकं हवीत, ही सगळी ऐकायची आहेत. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा त्या दुकानदाराला प्रश्न जास्त स्वच्छ दिसला होता, असं मला वाटतं.

स्वतः शोधून शिकणं विद्यापीठांना अगदीच अनोळखी नव्हतं. जर्मनीतल्या गीसनमध्ये रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिगची प्रयोगशाळा, जिथं विद्यार्थी स्वतः प्रयोग करत, १८२० च्या दशकातली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ पासून वैद्यकीचे विद्यार्थी छोट्या गटांत, रुग्णाचा प्रश्न समोर ठेवून शिकवायला घेतले. पण हे सगळं मोजक्यांसाठी. पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला, आणि तो हातात घेतला भौतिकशास्त्रवाल्यांनी.

त्यांना धक्का बसला होता तो त्यांच्याच परीक्षेनं. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी न्यूटनच्या नियमांवरची साध्या भाषेतली एक चाचणी मुलांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं: उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की मला जसं वाटतं तसं? १९९१ पासून माझूर व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकू लागले आणि मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावू लागले. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे गुण ताडून पाहिले. मुलांना हात-डोकं चालवायला लावणाऱ्या वर्गांत समज सरासरी दुपटीनं वाढलेली दिसली.

पण पायऱ्यांच्या सभागृहात शेजाऱ्याशी बोलायचं तर मान मोडते. अमेरिकेतल्याच रेन्सेलिअर पॉलिटेक्निक या तंत्रविद्यापीठानं १९९३ च्या सुमाराला व्याख्यान, सराव आणि प्रयोग एकाच खोलीत आणले. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइश्नर यांनी तोच विचार शंभरेक मुलांच्या वर्गापर्यंत ताणला आणि त्याला 'स्केल-अप' हे नाव पडलं. त्यांचं गोल टेबल सात फूट व्यासाचं. भोवती नऊ जण, तिघा-तिघांचे तीन गट, गटाला एक लॅपटॉप. लॅपटॉप मुद्दाम एकच, म्हणजे तिघांना एका पडद्यावर वाकावं लागतं. टेबलाचं मापही गंमत म्हणून ठरलेलं नाही. फार मोठं झालं तर पलीकडच्याशी ओरडून बोलावं लागतं, लहान झालं तर वह्या आणि प्रयोगाचं सामान मावत नाही. हा वर्ग पाहणाऱ्याला हॉटेलात शिरल्यासारखं वाटतं, आणि फळा नेमका कुठल्या भिंतीवर शोधायचा ते कळत नाही, कारण लिहायच्या पाट्या सगळ्याच भिंतींवर असतात.

एमआयटीत जॉन बेल्चर यांनी हाच नमुना 'टील' या नावानं आणला: तेरा टेबलं, भोवतीच्या भिंतींवर पडदे, विद्युतचुंबकीय क्षेत्रं डोळ्यांना दिसावीत म्हणून संगणकी चित्रं. सत्र संपता संपता व्याख्यानाची हजेरी निम्म्यावर येते, ही त्यांची जुनी बोच होती. २००३ मध्ये हा वर्ग सगळ्यांना लागू झाला आणि दीडशेहून जास्त विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या. हजेरीला गुण लावले होते, हेही अनेकांना खुपलं. आकडे मात्र बेल्चर यांच्या बाजूचे होते: नापासांचं प्रमाण उतरलं. चांगलं शिकणं त्या क्षणी चांगलं वाटतंच असं नाही, हा गुंता तेव्हाही सुटला नव्हता.

मिनेसोटा विद्यापीठानं २००७ पासून असे वर्ग बांधायला घेतले आणि तिथले संशोधक क्रिस्टोफर ब्रूक्स यांनी त्यांची जुन्या वर्गांशी तुलना केली. एकच अभ्यासक्रम, एकच प्राध्यापक, एक तुकडी जुन्या खोलीत, दुसरी गोल टेबलांवर. शिकवण्याची पद्धत बदलायची नाही, असं ठरलेलं. तरी नव्या खोलीत प्राध्यापकांचं व्याख्यान आटलं, फिरणं वाढलं. प्रवेश परीक्षेतल्या गुणांवरून त्या तुकडीकडून जेवढी अपेक्षा होती, त्यापेक्षा तिनं चांगली कामगिरी केली.

यंत्रांची गोष्ट त्या मानानं साधी आहे. सुरुवातीला टेबलाखालून तारा ओढून लॅपटॉप बसवावे लागत; आता मुलं आपापले घेऊन येतात आणि टेबलाला लागतो तो मुख्यतः प्लग. खरी अडचण जागेची. गोल टेबलांच्या वर्गात माणशी जागा जास्त जाते, त्यामुळे तेवढ्याच खोलीत कमी मुलं बसतात. आणि जुन्या सभागृहांच्या पायऱ्या काँक्रीटच्या, त्या फोडायला कुणी सहजी तयार होत नाही. म्हणून काही ठिकाणी एकेका रुंद पायरीवर दोन रांगा बसवतात आणि पुढच्या रांगेला फिरत्या खुर्च्या देतात. चर्चेची वेळ झाली की पुढचे वळून मागच्यांच्या टेबलाशी बसतात.