दुभाष्याला शॉर्टहँड लागतं? नाही

लातूर-नांदेडकडं बी.ए.ची मुलं दुभाष्याचं काम शिकायचं म्हणाली, की सल्ला मिळतो: आधी शॉर्टहँड, म्हणजे बोलणं झरझर खुणांनी लिहायची लिपी, शिका, शब्दन्‌शब्द टिपता आला पाहिजे. हा समज चुकीचा आहे. त्यापायी चांगल्या कानाची मुलं मागं हटतात, याचं फार वाईट वाटतं.

टप्प्याटप्प्यानं चालणाऱ्या दुभाष्याच्या कामात वक्ता थांबल्यावर दुभाष्यानं बोलायचं असतं. शब्द टिपत बसलं की ऐकणं सुटतं. शिवाय शॉर्टहँड उलगडून वाचायला इथं सवड नसते.

औशाचा शेतकरी सांगतो, "पाऊस उशिरा आला म्हणून सोयाबीनची पेरणी लांबली, पण विहिरीला पाणी होतं, त्यामुळं हरभरा हाती लागला." वहीत एवढंच: पाऊस उशिरा, बाण, पेरणी, खाली ठळक ‘पण’, विहीर, बाण, हरभरा. ‘पण’ निसटला तर सगळं बोलणंच बिघडतं. आकडे आणि नावं मात्र ऐकताक्षणी लिहावीत, ती डोक्यात टिकत नाहीत. दुभाष्यांना टिपणं घ्यायला शिकवणारे जाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ सालीच हे मांडलं: शब्द नव्हे, कल्पना टिपा.

सुरुवातीला तर वही बंदच ठेवावी. दोन मिनिटांचं बोलणं ऐकायचं आणि आधी मराठीतच, आपल्या शब्दांत, परत सांगायचं.