मध्ययुगीन इंग्लंडमधले बिशप: दरबार आणि विद्यापीठ

मध्ययुगीन इंग्लंडमधला बिशप म्हटलं की नुसता प्रार्थना करणारा धर्मगुरू डोळ्यापुढे आणू नका, बरेच जण आधी राजाचे कारभारी होते आणि मग बिशप झाले. राजाला लिहिणारी, हिशेब ठेवणारी माणसं लागायची, ती मिळायची चर्चमध्ये, मग त्यांना तिजोरीतून पगार कशाला द्यायचा, बिशपपद दिलं की जमिनीचं उत्पन्न आपोआप सुरू. आपल्याकडच्या वतनासारखंच, फक्त वारसाहक्क नाही. कागदोपत्री निवड कॅथेड्रलचे (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे) पाद्री करायचे, पण त्याला राजाची परवानगी लागायची, आणि कोणाला निवडायचं हेही बहुतेक वेळा वरूनच ठरायचं. शिवाय पोपचं म्हणणं वेगळंच असायचं. जुना बिशप वारला की नवा येईपर्यंत जमिनींचं उत्पन्न राजाकडे जायचं, त्यामुळे राजाला घाई कशाला असेल!

विल्यम ऑफ विकहॅम हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. हॅम्पशायरमधल्या साध्या घरातला माणूस, 1356 मध्ये विंझर किल्ल्याच्या बांधकामावर देखरेख करायला लागला आणि 1367 मध्ये विंचेस्टरचा बिशप, वर त्याच वर्षी राज्याचा चान्सलर, म्हणजे राजाची मोहोर सांभाळणारा बडा अधिकारी. विंचेस्टर म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात श्रीमंत गादी. 1376 मध्ये दरबारातल्या राजकारणात त्याच्यावर आरोप झाले, जमिनी जप्त झाल्या, पुढच्या वर्षी परत मिळाल्या. तो स्वतः विद्यापीठात शिकल्याचा पुरावा नाही, पण पैसा तिकडेच लावला. 1379 मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज आणि 1382 मध्ये विंचेस्टरला शाळा, दोन्हीकडे 70-70 विद्यार्थी, आणि शाळेतली पोरं पुढे त्याच कॉलेजात जायची. प्लेगने पाद्री कमी पडले होते, ती भरती करायची होती.

हा पायंडा जुनाच. वॉल्टर डी मर्टन याने 1264 मध्ये कॉलेज काढलं आणि 1274 मध्ये तो रोचेस्टरचा बिशप झाला, तर केंब्रिजमधलं पहिलं कॉलेज पीटरहाउस, ते 1284 मध्ये इलीच्या बिशपने काढलं. एक्झिटरचा बिशप वॉल्टर स्टेपलडन याने 1314 मध्ये कॉलेज काढलं खरं, पण खजिनदार म्हणून लोकांचा त्याच्यावर राग होता, 1326 मध्ये लंडनच्या जमावाने त्याला मारूनच टाकलं. 1381 च्या शेतकरी उठावात कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी याचंही तेच झालं, तोही तेव्हा चान्सलरच होता.