व्यवस्थापित फाइल हस्तांतरण

संस्थांमधली फाइलींची देवाणघेवाण कूटबद्ध स्वरूपात, एका ठिकाणच्या देखरेखीखाली आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवून करण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘मॅनेज्ड फाइल ट्रान्सफर’ किंवा नुसते ‘एमएफटी’ म्हणतात. पगाराच्या याद्या, बँकांना द्यायचे भरणा-आदेश, विम्याचे दावे, खरेदीच्या ऑर्डरी असा मजकूर ठरल्या वेळी, माणसाचा हात न लागता या मार्गाने जातो.

फाइल पाठवण्याची जुनी रीत एफटीपीची, म्हणजे ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ची. अभय भूषण यांनी १९७१ मध्ये तिचा पहिला आराखडा लिहिला. तेव्हाचे संगणकांचे जाळे मोजक्या संस्थांपुरते होते, त्यामुळे पासवर्ड आणि मजकूर दोन्ही उघडे जात. जाळे जगभर पसरल्यावर हाच उघडेपणा अंगाशी आला. विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही दूरच्या संगणकाशी कूटबद्ध जोडणी करण्याची पद्धत तयार केली. फाइली पाठवण्याची एसएफटीपी ही रीत तिच्याच आधाराने चालते. एफटीपीएस म्हणजे जुन्या एफटीपीवर टीएलएसचे, म्हणजे जोडणीतून जाणारा मजकूर कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचे, कवच.

कूटबद्धता मात्र या कामाचा सोपा भाग आहे. खरी अडचण पोच मिळण्याची. फाइल अजून चढत असतानाच पलीकडच्या प्रणालीने ती उचलली, तर अर्धीच यादी पुढे जाते, आणि साध्या मजकुराच्या फाइलीत शेपूट तुटल्याचे सहसा दिसत नाही. म्हणून फाइल आधी तात्पुरत्या नावाने चढवतात आणि पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलतात. शेवटच्या ओळीत एकूण नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज देतात. उलट बाजूचा धोकाही तितकाच मोठा: जोडणी तुटली म्हणून तीच फाइल पुन्हा पाठवली आणि दोन्ही प्रती स्वीकारल्या गेल्या, तर पैसे दोनदा जातात. चांगली प्रणाली तुटलेले हस्तांतरण थांबल्या जागेपासून पुढे नेते आणि आधी येऊन गेलेली फाइल ओळखते. २००५ मध्ये आरएफसी ४१३० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झालेल्या एएस२ या देवाणघेवाणीच्या पद्धतीत पोचपावतीची सोय मुळातच आहे. फाइल मिळालेली संस्था मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला, त्यात बदल झाला तर बदलणारा ठसा, स्वतःच्या डिजिटल सहीनिशी परत पाठवू शकते. मग ‘आम्हाला मिळालीच नाही’ किंवा ‘वेगळीच मिळाली’ असे म्हणायला जागा उरत नाही.

सगळ्या फाइली एका दारातून जाऊ लागल्या की चोराची नजरही त्याच दारावर जाते. मे २०२३ मध्ये क्लॉप या सायबर गुन्हेगारांच्या टोळीने ‘मूव्हइट ट्रान्सफर’ या एमएफटी सॉफ्टवेअरमधल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला परक्या आज्ञा घुसवता येण्याच्या) त्रुटीचा फायदा घेऊन असंख्य संस्थांचा डेटा पळवला. ब्रिटनमधील पगारसेवा कंपनी झेलिस त्यात सापडली आणि तिच्या ग्राहक असलेल्या बीबीसी व ब्रिटिश एअरवेज यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली. कर्मचाऱ्यांनी ते सॉफ्टवेअर कधी पाहिलेही नसेल. टीएलएसचे संरक्षण वाटेपुरते असते. सर्व्हरवर उतरलेली फाइल त्याच्या कक्षेबाहेर जाते. त्यामुळे पाठवण्यापूर्वी फाइलच पीजीपी या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने बंद करतात, इंटरनेटकडे तोंड असलेल्या गेटवेवर (दारावरच्या सर्व्हरवर) काहीही साठवत नाहीत आणि पोच आली की मधली प्रत पुसून टाकतात. करार संपलेल्या भागीदारांची खाती व कूटबद्धतेच्या चाव्या बंद करणे हे त्याच जातीचे काम, आणि कामाच्या धांदलीत नेमके तेच राहून जाते.