थिबा राजवाडा

रत्नागिरी शहरातील तीन मजली वास्तू. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याच्या स्थानबद्ध कुटुंबासाठी ब्रिटिश सरकारने बांधलेले हे घर. ‘राजवाडा’ हा शब्द लोकांनी कौतुकाने दिला असला, तरी येथे दरबार कधी भरला नाही. राहायला होते ते एक राजकैदी आणि त्याचे बायकामुलांचे बिऱ्हाड.

नोव्हेंबर १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर थिबाला प्रथम मद्रासेला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. तेव्हा येथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात आगबोटी बंद. कैदी ठेवायला याहून आडबाजूचे बंदर कुठले? बरोबर राणी सुपयालत, तिची बहीण व धाकटी राणी सुपयागले आणि राजकन्या होत्या. चौघींपैकी थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासेत जन्मलेली, तर धाकटी रत्नागिरीचीच. जवळजवळ पंचवीस वर्षे हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिले. स्वतःसाठी बांधलेल्या घरात पाऊल पडले ते १९१० मध्ये, मुली विशी ओलांडून गेल्यावर.

उतरती छपरे कोकणी पावसाला साजेशी; अर्धवर्तुळाकार खिडक्यांचे कोरीव लाकूडकाम मात्र नजर खिळवून ठेवते. आत संगमरवरी फरशीचे दालन आहे, मागील बाजूस बुद्धमूर्ती. उंचावरून काजळी नदीची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो, म्हणजे ज्या वाटेने आणले तीच वाट रोज डोळ्यांसमोर.

थिबाला हे घर सहाच वर्षे लाभले. १९१२ मध्ये सुपयागले गेली, डिसेंबर १९१६ मध्ये थिबा. त्याचा देह मायदेशी नेऊ द्यावा, असा सुपयालतचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही. अखेर १९१९ मध्ये राजा व धाकटी राणी यांचे दफन रत्नागिरीतच झाले आणि उरलेले कुटुंब ब्रह्मदेशी परतले.

थोरली राजकन्या तेथे रमली नाही. घरच्या चाकरीतील गोपाळ सावंत यांच्यापासून तिला टूटू ही मुलगी होती; तिला घेऊन ती रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. टूटू अस्सल रत्नागिरीकरासारखे मराठी बोलत, कष्टाचा संसार करत जगली. थिबाच्या नातीची ही हकिकत राजवाड्याच्या भिंतींपेक्षा जास्त सांगून जाते.

आता येथे राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. थिबाच्या खास वस्तूंचा मोठा खजिना पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. खर्च भागवण्यासाठी त्याने माणके, दागिने हयातीतच विकायला काढले होते. आवारात संगीत महोत्सव भरतो, तेव्हा गावाची पावले इकडे वळतात. राजाची कबर मात्र येथे नाही, ती शिवाजीनगर भागात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या कबरीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले होते.