परदेशातून परतल्यावर अंगावर फोड: कांजिण्या की एमपॉक्स?

प्रवासाहून परतलेल्याला ताप आला, अंगावर फोड उठले, की हल्ली पहिली शंका एमपॉक्सची (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) येते. पुष्कळदा निघतात कांजिण्या. एमपॉक्सचा विषाणू देवी रोगाच्या विषाणूच्या घराण्यातला; कांजिण्यांचा विषाणू म्हणजे पुढे नागीण उठवणारा तोच.

फोड नीट बघा. कांजिण्यांत ते टप्प्याटप्प्याने उठतात, त्यामुळे पाठीवर लाल पुटकुळी, पाण्याचा फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात; खाज फार. एमपॉक्सचे फोड खोल, टणक, मध्ये खळगा असलेले. एका भागातले सगळे साधारण एकाच वयाचे, तळहात-तळपायांवरही येणारे. मान, काख, जांघेत गाठी सुजल्या असतील तर संशय एमपॉक्सकडे झुकतो.

हे झालं पुस्तकातलं चित्र. २०२२ च्या जागतिक साथीत अनेकांना जननेंद्रियांवर किंवा गुदद्वाराभोवती मोजकेच फोड आले, तेही कधी तापाच्या आधी. म्हणून नजरेवर निकाल देऊ नये. फोडाचा स्वॅब घेऊन विषाणू ओळखणारी पीसीआर चाचणी करावी, शक्यतो दोन्ही विषाणूंसाठी. एकाच रुग्णात दोन्ही सापडल्याची उदाहरणं काँगोत आहेत.

तारखाही विचारा. एमपॉक्सची लक्षणं संसर्गानंतर ३ ते २१ दिवसांत दिसतात, कांजिण्यांची १० ते २१. परतून महिना उलटल्यावर फोड आले, तर खापर प्रवासावर फोडू नये.

खरी गल्लत होते ती रुग्णाला वेगळं किती दिवस ठेवायचं यात. कांजिण्यांत सगळ्या फोडांनी खपली धरली की पुरे. एमपॉक्समध्ये खपली पडून खाली नवी त्वचा यावी लागते, म्हणजे बहुधा दोन ते चार आठवडे. कांजिण्या हवेतून सहज पसरतात. एमपॉक्स मुख्यतः जवळच्या स्पर्शातून, पण कपड्यांतूनही. ब्रिटनमध्ये २०१८ साली एका आरोग्य कर्मचाऱ्याला रुग्णाच्या चादरी बदलताना तो झाला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. निदान होईपर्यंत दोन्ही धरून चालावं: वेगळी खोली, मास्क, हातमोजे, आणि चादर झटकायची नाही.

प्रौढांच्या कांजिण्यांत अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. एमपॉक्समध्ये बहुतेकांना वेदनाशामक, पाणी आणि जखमांची काळजी एवढंच लागतं. संपर्कात आलेल्यांवर मात्र २१ दिवस लक्ष ठेवायचं, आणि लस द्यायची तर शक्यतो पहिल्या चार दिवसांत.